माहितीपट बनवायला इतका वेळ का लागतो?

२०१६ साली बीबीसीची 'प्लॅनेट अर्थ २' ही मालिका आली. भाग फक्त सहा. त्या सहा भागांसाठी ४० देशांत मिळून ११७ दौरे झाले आणि चित्रीकरणाचे दिवस भरले २,०८९. पडद्यावरच्या एका भागामागे जवळजवळ वर्षभराचं शूटिंग! हे आकडे ऐकले की लोक म्हणतात, कॅमेरे महाग असतील, हेलिकॉप्टर लागत असेल. तेही लागतं. पण यातल्या कितीतरी दिवसांत कॅमेरा ट्रायपॉडवर नुसता उभा असतो आणि समोर काहीच घडत नसतं.

माहितीपटाच्या बजेटमधली सगळ्यात महाग गोष्ट ही वाट पाहणंच आहे. विषय निसर्गाचा असो, लोकपरंपरेचा असो, स्थलांतरितांचा असो की तंत्रज्ञानाचा, निर्माता शेवटी वेळ विकत घेत असतो. फक्त प्रत्येक विषयात हा वेळ वेगळ्या कामी येतो. आपल्याकडे माहितीपटाबद्दल बोलताना कॅमेरा आणि निवेदकाचा आवाज यांचीच चर्चा होते, म्हणून या न दिसणाऱ्या वेळाबद्दल जरा सविस्तर.

आधी मंजुरी

'मला वारीवर माहितीपट करायचा आहे' असं म्हणून चॅनलकडे गेलात, तर समोरचा माणूस नम्रपणे मान हलवेल आणि विषय तिथेच संपेल. वारी हा विषय झाला, गोष्ट नाही. त्याला ऐकायचं असतं की कुणाची वारी, तिच्यात या वर्षी काय पणाला लागलंय, आणि तुम्हाला तिथे आत कोण घेणार आहे. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. दिंडीचे चालक तुम्हाला ओळखतात का? मुक्कामाच्या तंबूत कॅमेरा घेऊन बसू देतील का? याचं उत्तर दोन-तीन मिनिटांच्या नमुना चित्रफितीतून दाखवावं लागतं, आणि ती बहुतेक वेळा निर्मात्याला पदरमोड करूनच तयार करावी लागते.

मंजुरी मिळाली तरी सगळा पैसा एका चॅनलकडून क्वचितच येतो. 'प्लॅनेट अर्थ २'मागे बीबीसीबरोबर अमेरिका, जर्मनी, फ्रान्स आणि चीनमधल्या कंपन्याही होत्या. याचं कारण साधं आहे. बिबट्या कोणत्याच भाषेत बोलत नाही. निवेदन बदललं की तीच दृश्यं बर्लिनमध्ये चालतात आणि बीजिंगमध्येही. म्हणून निसर्गाच्या मालिकेला पाच देश मिळून पैसे देतात आणि तिला वर्षभर वाट पाहणं परवडतं. पोतराजावरचा किंवा ऊसतोड कामगारांवरचा माहितीपट परदेशी प्रेक्षकाला समजावून सांगायलाच निम्मा वेळ जातो. त्यामुळे त्याला भागीदार कमी, पैसा कमी, म्हणून दिवसही कमी. ज्या विषयांना माणसांशी ओळख वाढवायला जास्त वेळ हवा, त्यांच्याच वाट्याला कमी वेळ येतो. या धंद्यातला मला सगळ्यात जास्त खुपणारा भाग तो हा.

मग परवानग्या. अभयारण्यात चित्रीकरण करायचं तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. संरक्षित लेणी किंवा किल्ला असेल तर पुरातत्त्व खात्याची. ड्रोन उडवायचा तर त्याचे नियम वेगळे. ही कागदपत्रं महिनोन्‌महिने फिरतात, तोवर पाऊस येतो आणि रस्ते बंद होतात.

बिबट्या अंधारात कसा दिसला

'प्लॅनेट अर्थ २'चा शेवटचा भाग शहरांवर होता आणि त्यात आपली मुंबई होती. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. त्याला बोरिवली, ठाणे, मुलुंड, गोरेगाव असा शहराचा वेढा, आणि आत बिबट्यांची दाटी इतकी की जगात फार थोड्या ठिकाणी असेल. हे बिबटे रात्री वस्तीच्या कडेला येऊन शिकार करतात हे मुंबईकरांना माहीत होतं. ते वागणं त्यांना न बिथरवता टिपणं हे खरं काम होतं.

रात्री दिवे लावले तर बिबट्या निघून जातो, किंवा थांबलाच तर बिचकून वागतो. म्हणून औष्णिक कॅमेरा वापरला. साधा कॅमेरा वस्तूवरून परतणारा प्रकाश पकडतो, हा कॅमेरा उष्णता पकडतो. प्रत्येक ऊबदार शरीरातून अवरक्त किरण बाहेर पडत असतात. साध्या काचेतून ते आरपार जात नाहीत, त्यामुळे या कॅमेऱ्याचं भिंग जर्मेनियमसारख्या धातुसदृश पदार्थाचं करतात. चित्र कृष्णधवल येतं: थंड जमीन काळसर आणि तिच्यावरून चालणारा बिबट्या पांढरा, लखलखीत. उष्ण प्रदेशातल्या शहरात यातही अडचण असते. दिवसभर तापलेल्या भिंती आणि डांबर मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतात, त्यामुळे प्राणी आणि पार्श्वभूमी यांतला फरक कमी होतो. मग रात्र चढायची वाट पाहायची.

एवढं करूनही कॅमेरा ठेवायचा कुठे? याचं उत्तर कोणतंही यंत्र देत नाही. कोणत्या पायवाटेनं बिबट्या येतो, कोणत्या नाल्यापाशी थांबतो, कुत्री कोणत्या बाजूला भुंकायला लागली की तो जवळ आला असं समजायचं, हे वनकर्मचाऱ्यांना ठाऊक असतं, तिथल्या अभ्यासकांना ठाऊक असतं, आणि उद्यानातल्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांना तर असतंच. परदेशी तुकडीसाठी ही माहिती गोळा करणाऱ्या स्थानिक माणसाला या व्यवसायात फिक्सर म्हणतात. गाडी ठरवण्यापासून पाड्यावरच्या म्हाताऱ्या आजोबांशी बोलण्यापर्यंत सगळं तोच करतो. श्रेयनामावलीत त्याचं नाव शेवटी कुठेतरी झरकन येऊन जातं. माझ्या मते ते पहिल्या पाचांत यायला हवं.

पंचांग सांगेल तेव्हाच

संस्कृतीवरच्या माहितीपटात वेळ पंचांगाच्या हातात असतो. वारीच्या वाटेवर चांदोबाचा लिंब इथलं उभं रिंगण वर्षातून एकदाच होतं. अश्व सुटतो, दुतर्फा वारकरी उभे, टाळमृदंग टिपेला गेलेला, आणि काही मिनिटांत सगळं संपतं. त्या क्षणी माइकची वायर निघाली असेल, तर पुढचं रिंगण काही मुक्कामांनंतर, आणि हेच रिंगण पुढच्या आषाढात. अधिक महिना आला की तारीखही तीन आठवड्यांनी सरकते, म्हणजे पावसाचा अंदाज, उजेड, कॅमेरामनच्या तारखा, सगळं नव्यानं जुळवायचं. म्हणून जाणता दिग्दर्शक आदल्या वर्षी कॅमेरा न घेता चालतो. अश्व कोणत्या बाजूनं येतो, गर्दी कुठे रेटा देते, कोणत्या उंचवट्यावरून माणसांना न अडवता उभं राहता येतं, हे पायांनी पाहून येतो. दिवे घाटात वरून घेतलेलं पालखीचं दृश्य सगळेच दाखवतात. दिंडीतल्या एखाद्या मावशी पहाटे तीनला उठून चूल कशी पेटवतात, हे आदल्या वर्षी त्यांच्याबरोबर चाललेल्यालाच टिपता येतं.

दिवस कमी असले की काय होतं तेही पाहा. गोंधळ हा रात्रीचा विधी. चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, देवदेवतांना आवतण द्यायचं आणि पहाटेपर्यंत जागर. एका दिवसात तीन गावं उरकायला निघालेली तुकडी दुपारी बाराला पोचते आणि गोंधळ्यांना म्हणते, उजेड छान आहे, इथे अंगणात थोडं करून दाखवा. ते बिचारे दाखवतातही. संबळ तीच, कवड्यांची माळ तीच, पण समोर ना यजमानाचं घर, ना ज्याच्या लग्नासाठी गोंधळ घालायचा तो नवरदेव. पडद्यावर उतरतं ते प्रात्यक्षिक, आणि खाली अक्षरं येतात 'गोंधळ: महाराष्ट्राची लोकपरंपरा'. प्रेक्षकाला फरक कळत नाही, गोंधळ्याला मात्र कळतो.

याच्या उलट, थोड्या वेळात काय करता येतं याचंही एक चांगलं उदाहरण आपल्या आठवणीत आहे. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे 'सुरभि' सादर करत. देशाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातली कला, तिथला कारागीर, पाच-सात मिनिटांत. त्यांनी अख्खी परंपरा कवेत घेण्याचा आव आणला नाही. एक माणूस, एक हातोटी, एवढंच धरलं. लोकांनी पोतीच्या पोती पत्रं पाठवून त्याची पावती दिली.

ज्याला उद्या परत त्याच मुकादमाकडे जायचंय

स्थलांतराचा विषय मला चारांत सगळ्यात अवघड वाटतो. इथे वेळ लागतो तो विश्वासासाठी, आणि चित्रीकरण झाल्यावरही तो संपत नाही.

बीड, अहिल्यानगर भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती हंगामभर फेडायची. आता अशा टोळीच्या अड्ड्यावर कॅमेरा लावून एखाद्या ताईंना विचारलं, 'हिशोब नीट होतो का?' मुकादम दहा पावलांवर मोटरसायकलला टेकून उभा. त्या 'हो' म्हणतात. तुमच्याकडे मुलाखत झाली, संमतिपत्रावर अंगठाही झाला. पण त्या उत्तराला अर्थ काय?

समजा दुसऱ्या दिवशी फडात, आजूबाजूला कोणी नसताना, मोळी बांधता बांधता त्या खरं बोलल्या. मग प्रश्न आणखी वाढतो. माहितीपट दाखवला जाणार वर्षभरानं, म्हणजे बरोबर पुढची उचल घ्यायच्या वेळेला. आज बोलताना त्यांच्या डोळ्यांपुढे तो दिवस असेलच असं नाही, दिग्दर्शकाच्या डोळ्यांपुढे मात्र असायलाच हवा. म्हणून नीट काम करणारे संमती दोनदा घेतात. एकदा चित्रीकरणाच्या वेळी, संमतिपत्र त्यांच्या बोलीत वाचून दाखवून, आणि दुसऱ्यांदा संकलन झाल्यावर, त्या भागाची चित्रफीत त्यांच्या घरी नेऊन. या दुसऱ्या खेपेला बजेटमध्ये ओळ नसते, आणि तीच आधी कापली जाते. पैसे देण्याबद्दलही वाद आहे. मुलाखतीचे पैसे दिले की लोक आपल्याला हवं ते बोलतील, ही भीती खरी आहे. पण आपल्यामुळे कुणाची दिवसाची मजुरी बुडाली, तर ती भरून द्यावी आणि दिली हे उघड सांगावं, असं मला ठामपणे वाटतं.

ओळख लपवायची वेळ येते तेव्हा चेहरा धूसर करणं हा जुना उपाय. त्यात जीव वाचतो, पण माणूसच पुसला जातो. प्रेक्षकाला त्याची भीती दिसत नाही, हसू दिसत नाही. २०२०च्या 'वेलकम टू चेचन्या' या माहितीपटात जीव वाचवून पळणाऱ्या समलिंगी लोकांच्या चेहऱ्यांवर संगणकाच्या मदतीनं स्वयंसेवकांचे चेहरे बसवले. हावभाव खरे, चेहरा दुसऱ्याचा, आणि ही गोष्ट प्रेक्षकांपासून लपवलेली नव्हती. पुढच्या वर्षी 'फ्ली'मध्ये एका अफगाण निर्वासिताची कहाणी त्याच्याच आवाजात, पण ॲनिमेशनमधून सांगितली. ज्या तंत्रानं खोटे व्हिडिओ बनतात, तसंच तंत्र 'वेलकम टू चेचन्या'त खरं बोलणाऱ्याला वाचवायला वापरलं.

आणि लांब पल्ल्याचं बघायचं तर ब्रिटनच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनची 'अप' मालिका. १९६४ साली सात वर्षांच्या चौदा मुलामुलींशी बोलून ती सुरू झाली आणि दर सात वर्षांनी तुकडी त्यांच्याकडे परत जात राहिली, थेट २०१९पर्यंत. त्यातला यॉर्कशरच्या शेतकऱ्याचा मुलगा पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाला, आणखी एक ऑस्ट्रेलियात वाढला. देश सोडण्याचा निर्णय पंचविशीत कसा वाटतो आणि साठीत कसा वाटतो, हे एकाच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतं. असं कोणत्याही एका मुलाखतीतून मिळणार नाही.

तंत्रज्ञान थांबत नाही

इथे उलटं होतं. प्राण्याची वाट पाहावी लागते, तंत्रज्ञान मात्र तुमची वाट पाहत नाही. माहितीपट तयार होईपर्यंत यंत्र जुनं होतं. शिवाय दाखवायचं काय? सर्व्हरच्या खोलीत लुकलुकणारे दिवे सोडले तर डोळ्यांना काही दिसत नाही. कंपनीच्या आत गेलात तर जनसंपर्क विभागाचा माणूस सतत शेजारी. त्यामुळे टिकाऊ काम करणारे उपकरणाच्या नवेपणापेक्षा कल्पनेच्या इतिहासाकडे वळतात. जेम्स बर्क यांनी १९७८च्या 'कनेक्शन्स'मध्ये तेच केलं. त्यातलं एक दृश्य मुद्दाम शोधून बघा. बर्क कॅमेऱ्याकडे बघत थर्मासमध्ये साठवलेल्या वायूंबद्दल बोलतात, ते पेटवले की काय होतं असं म्हणून मागे बोट करतात, आणि त्याच क्षणी दूरवर रॉकेट उडतं. रॉकेट काही कुणासाठी पुन्हा उडत नाही. वाक्य काही सेकंद लांबलं असतं तर सगळं फुकट. वर सहज वाटणाऱ्या त्या वाक्यामागे किती तालीम असेल!

खरा माहितीपट टेबलावर

आता सगळं चित्रीकरण म्हणजे रशेस घेऊन तुकडी परतली. तासन्‌तासांचं साहित्य. पहिलं काम कंटाळवाणं आणि अत्यावश्यक: प्रत्येक मुलाखत शब्दन्‌शब्द लिहून काढायची, प्रत्येक वाक्यापुढे टाइमकोड, म्हणजे ते चित्रफितीत नेमकं कुठे येतं ती वेळ, टाकायचा. '०१:१४:२२, आजी: तवा घर नव्हतं, पालात होतो.' अशा ओळींच्या थप्प्या तयार होतात. त्यांतून कात्रणं काढून कागदावरच आधी माहितीपट जुळवतात. मग रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, ते दोन-अडीच तासांचं. मग कापत कापत फाइन कट. तज्ज्ञांकडून तथ्यं तपासून घ्यायची. मग चित्र कायम करतात, म्हणजे यापुढे दृश्यांत बदल नाही, आणि त्यानंतरच रंग आणि आवाजाचं काम सुरू होतं. निवेदन बहुतेक वेळा शेवटाकडे पक्कं होतं. जे चित्रात दिसतंय ते निवेदनात सांगायचं नसतं, ही त्यातली पहिली शिस्त. आपल्याकडचे कितीतरी माहितीपट इथेच घसरतात. नदी दिसत असते आणि आवाज सांगत असतो, 'ही नदी वाहते आहे.'

प्रेक्षकाच्या विश्वासाची कसोटीही याच टेबलावर लागते. 'प्लॅनेट अर्थ २'मधला सापांच्या तावडीतून सुटणारा इग्वानाचा थरार जगभर गाजला. नंतर निर्मातीनं सांगितलं की त्यात एकापेक्षा जास्त इग्वानांची दृश्यं जोडलेली होती. पिल्लं खरंच तशी पळतात, साप खरंच तसे धावतात, पण आपण ज्या एका पिल्लासाठी श्वास रोखला ते एकच नव्हतं. मला हे चालतं, कारण वागणुकीबद्दल खोटं सांगितलेलं नाही. २०११च्या 'फ्रोझन प्लॅनेट'मध्ये ध्रुवीय अस्वलाच्या नवजात पिल्लांचं दृश्य नेदरलँड्समधल्या प्राणिसंग्रहालयात घेतलं होतं. जंगली अस्वलीच्या गुहेत कॅमेरा घुसवला तर आई आणि पिल्लं दोघांच्याही जिवावर बेतेल, म्हणून निर्णय योग्यच. पण निवेदनात ते सांगितलं नाही, वेबसाइटवर सांगितलं, आणि ब्रिटनमध्ये बराच गदारोळ झाला. एक वाक्य निवेदनात घातलं असतं तर काही बिघडलं नसतं. आणि १९५८च्या डिस्नेच्या 'व्हाइट विल्डरनेस'मध्ये लेमिंग नावाचे छोटे उंदीरवर्गीय प्राणी कड्यावरून सामूहिक आत्महत्या करतात असं दाखवलं. ते सरळ रचलेलं होतं, प्राण्यांना ढकललेलं होतं. ती थाप आजही लोक खरी मानतात. यातल्या पहिल्या उदाहरणात जुळवाजुळव आहे, दुसऱ्यात लपवाछपवी आहे, तिसऱ्यात शुद्ध फसवणूक आहे.

आवाजाबद्दल तर अनेकांना धक्काच बसतो. दूरच्या भिंगानं प्राणी अर्ध्या किलोमीटरवरून टिपता येतो, त्याच्या पावलांचा आवाज तिथून येत नाही. म्हणून तो स्टुडिओत करतात. बर्फावरच्या पावलांचा करकर आवाज कॉर्नफ्लोर भरलेली पिशवी दाबून काढतात. प्राण्यांची खरी ओरड वेगळी रेकॉर्ड करून ठेवलेली असते, ती त्यांच्याच जातीची असावी लागते.

हे सगळं मिश्रण करताना निवेदन वगळून बाकी संगीत आणि आवाज यांचा एक वेगळा ट्रॅक काढतात, आणि इथे मराठीचा थेट संबंध येतो. हा ट्रॅक हाती असला की निसर्गावरची मालिका मराठीत आणायला एक चांगला अनुवादक लागतो, एक आवाज लागतो आणि स्टुडिओतले थोडे दिवस. एका मुंबईच्या बिबट्यामागेच किती रात्री गेल्या असतील, त्या पुन्हा जागाव्या लागत नाहीत. मराठीतल्या खासगी वाहिन्यांच्या वेळापत्रकात माहितीपटाला पक्की जागा दिसत नाही. ती निर्माण करायची तर सुरुवात या सर्वांत स्वस्त टप्प्यापासून करता येईल. शिवाय मुंबईतच १९४८पासून सरकारच्या फिल्म्स डिव्हिजननं तयार केलेले हजारो माहितीपट आहेत, जे २०२२पासून एनएफडीसीकडे, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे, आले. त्या दृश्यांचं चित्रीकरण झालेलं आहे, पैसे खर्च झालेले आहेत, त्यातली माणसं आणि गावं आपली आहेत. डबिंगमधून वाचलेले पैसे मग ऊसतोडीवरच्या त्या दुसऱ्या खेपेसाठी ठेवता येतील.